घरी जाऊन क्रॉप करायचंय, तर फ्रेम बघायचीच कशाला?

तिकटीवरचा: स्ट्रीट फोटोग्राफी करणाऱ्या पोरांचं सध्या एकच पालुपद आहे: 'आधी टिपून घे, क्रॉप नंतर करू', म्हणजे फोटोच्या नको त्या कडा घरी जाऊन कापू. मला काही हे पटत नाही. आपल्या कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी म्हशीची धार काढून ग्लास तिथंच हातात देतात. तो फेसाळ ग्लास मागच्या उजळ भिंतीवर आला, की फोटोत गायब. एक पाऊल डावीकडं सरकलं, तर तोच ग्लास म्हशीच्या काळ्याभोर अंगावर येतो आणि झळकतो. क्रॉप करून हे जमवून दाखवा! क्रॉपनं कडा बदलतात, तुमची उभं राहायची जागा नाही. बटण दाबायच्या आधी चारी कोपऱ्यांतनं नजर फिरवा, एवढंच म्हणतोय.

फुल ऑटो: भावा, म्हैस थांबतीय तुझ्यासाठी. महाद्वार रोडला गर्दीच्या वेळी ये. तू कोपरे तपासेपर्यंत माणूस भवानी मंडपात पोचलेला असतोय. आणि डबक्यावरनं उडी मारणाऱ्या माणसाचा, फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा फोटो? क्रॉपला कायम नाकं मुरडणाऱ्या माणसाचाच तो, आणि क्रॉप केलेला!

तिकटीवरचा: ते कुंपणाच्या फटीतनं काढत होते, हलायला जागाच नव्हती. तुझ्यापुढं कुठलं कुंपण आहे? शिवाय हिशोब कर. २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीला निम्मा कापला, की हातात ६ उरतात.

फुल ऑटो: मोबाइलवर बघायला ६ लई झाले.

चप्पल लाईन: दोघांचंही ऐकलं. मला भीती वेगळीच वाटते. कोपरे साफ करता करता तुम्ही गावच पुसून टाकता. चप्पल लाईनीतल्या दुकानांत टांगलेल्या चपलांच्या रांगा, मधोमध एक छत्रीवाला, बाकी काळोख. सुंदर आहे, पण हे कोल्हापूर कशावरून? गिऱ्हाईक चप्पल वाकवून बघतंय, दुकानदार भाव सांगतोय, कडेला कुणाचं तरी अर्धं कोपर घुसलंय. त्या कोपरामुळंच तर गर्दी कळते. राहू दे की ते.

तिकटीवरचा: ताई, कोपर राहू दे, मान्य. पण ते तुम्ही ठेवलंय की चुकून राहिलंय, हे फोटोत दिसतं. गर्दी दाखवायचीय तर कोपर चांगलं ठसठशीत आत घ्या. नुसती बोटाची दोन टोकं कडेला लोंबकळू नयेत. आणि विजेचा खांब गिऱ्हाइकाच्या डोक्यातनं उगवलेला असेल, तर त्याला गावपण म्हणू नका.

चप्पल लाईन: खांबाचं पटलं. छत्रीवाल्यांना मात्र माझा विरोध कायम.