डीडी २१४ वर (आर्मी सोडताना मिळणारा नोकरीचा दाखला) कॉम्बॅट अ‍ॅक्शन बॅज चढलाच नाही, रेकॉर्ड दुरुस्त करून घेतलंय का कुणी?

कॉन्व्हॉयवाला

नमस्कार मंडळी. अमेरिकन आर्मीत नोकरी केलेले मराठी लोक इथे फार नसतील पण आहेत, जुन्या धाग्यांवर एकदोघं दिसले होते म्हणून विचारतोय. मी ग्रीन कार्डवर असतानाच भरती झालो, एमओएस (आर्मीतल्या कामाचा कोड) ८८एम, म्हणजे साध्या भाषेत ट्रक ड्रायव्हर. २०११ ला कंदाहार भागात होतो. आमच्या कॉन्व्हॉयवर आयईडी फुटला, पुढची गाडी गेली, माझी अगदी तिच्या मागे होती, आणि धूळ खाली बसायच्या आत भिंतीआडून फायरिंग सुरू झालं. आमच्या गनरने उत्तर दिलं, मी गाडी आडवी घालून पुढच्या गाडीतल्या पोरांना आडोसा दिला आणि त्यांना बाहेर काढायला हात लावला. नंतर डोकं गरगरत होतं, कानात शिट्टी, उलट्या. मेडिकने ते प्रश्न विचारून भरायचं कागद असतं ते भरलं आणि मग एड स्टेशनच्या डॉक्टरने काही दिवस मिशनवर पाठवलं नाही.

त्याच कॉन्व्हॉयमधल्या काहींना नंतर, शत्रूशी प्रत्यक्ष गाठ पडलेल्यांना देतात तो, कॉम्बॅट अ‍ॅक्शन बॅज मिळाला. मला सांगितलं पेपरवर्क वर गेलंय. मग युनिट परत आलं, माणसं इकडेतिकडे झाली, माझी बदली झाली, आणि बाहेर पडताना डीडी २१४ हातात आला तेव्हा बॉक्स १३ मध्ये बाकी सगळं होतं, बॅज नव्हता. तेव्हा घरी जायची घाई, कोण भांडत बसतो.

आता प्रश्न असे की डीडी १४९ (रेकॉर्ड दुरुस्तीचा अर्ज) भरून थेट आर्मीच्या रेकॉर्ड दुरुस्ती बोर्डाकडे जायचं का? तीन वर्षांची मुदत असते म्हणतात ती तर केव्हाच उलटली. डोक्याच्या माराबद्दल पर्पल हार्ट (शत्रूमुळे जखमी झालेल्यांचं मेडल) त्याच अर्जात मागता येतं का? आणि एक जण म्हणतोय मी पैसे घेऊन सगळं करून देतो, त्याचं काय करू?

एसवन_मधला_बाबू

दादा, मी ४२ए होतो, म्हणजे हीच कागदं हलवायचं माझं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट शोधा. बॅज तुम्हाला मिळाला पण चढला नाही, की मिळालाच नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधही वेगळं. बॅज मंजूर झाला की त्याची पर्मनंट ऑर्डर निघते, नंबर आणि तारखेसकट. ती ऑर्डर कुठे सापडली तर काम कारकुनी आहे, ऑर्डरची कॉपी जोडायची आणि डीडी २१५ मागायचा, तो डीडी २१४ चा दुरुस्तीचा कागद असतो. तुमची शौर्यकथा त्यात कुणी वाचणार पण नाही आणि वाचायची गरज पण नाही. त्यामुळे मिलकनेक्ट या सरकारी साइटवरून तुमची पूर्ण ओएमपीएफ, म्हणजे नोकरीची फाइल, मागवा आणि प्रत्येक पान बघा, दुसऱ्याच फोल्डरमध्ये पडलेली ऑर्डर मी स्वतः काढून दिलेली आहे लोकांना. ज्या मित्रांना बॅज मिळाला त्यांच्याकडून त्यांच्या ऑर्डरची कॉपी मागा. बऱ्याचदा एकाच ऑर्डरवर पंधरावीस नावं असतात, तुमचं नाव त्यात असेल तर जिंकलात. नसलं तरी ती जपून ठेवा, कारण त्या तारखेला त्या जागी त्या युनिटची चकमक झाली हे आर्मीने स्वतः मान्य केल्याचा तो पुरावा आहे.

ऑर्डर नाहीच निघालेली असं दिसलं तर मग बोर्ड नाही, आधी फोर्ट नॉक्सला ह्युमन रिसोर्सेस कमांडची (एचआरसी) अवॉर्ड्स अँड डेकोरेशन्स ब्रँच. बोर्डाचा नियम आहे की खालचे सगळे दरवाजे वाजवून झाल्याशिवाय आमच्याकडे यायचं नाही, थेट गेलात तर अर्ज न बघता परत येतो आणि मधले महिने फुकट जातात. एचआरसीने नाही म्हटलं की ते नकाराचं पत्र जोडून डीडी १४९.

मुदतीचं टेन्शन घेऊ नका. कायद्यात चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षं असं आहे खरं, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड ती माफ करू शकतं आणि व्हिएतनामवाल्यांचे अर्ज आजही ऐकले जातात. फॉर्ममध्ये उशीर का झाला असा रकाना आहे तो मात्र रिकामा सोडू नका, दोन सरळ वाक्यं लिहा.

बोर्ड म्हणजे कोर्ट नाही बरं का. तीन सिव्हिलियन मेंबर कागद वाचून ठरवतात, समोर बोलावणं अगदी क्वचित. आणि ते तपास करत नाहीत. आर्मीने जे केलं ते बरोबरच केलं असं धरून सुरुवात होते, चूक झाली हे दाखवायचं ओझं तुमच्यावर. म्हणून "मी तिथे होतो, सगळ्यांना माहितीये" याला तिथे शून्य किंमत.

पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटना, किंवा तुमच्या काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर, हे सगळे फुकट करतात.

सासरेबुवांची_सून

माझा अनुभव उलटा आहे पण उपयोगी पडेल म्हणून लिहिते. नवरा अमेरिकन, सासरे व्हिएतनामला होते आर्टिलरीत. फायरबेसवर रात्री हल्ला झाला, तोफा सोडून रायफली घेऊन लढले, आणि आयुष्यभर त्यांच्या मनात की मला कॉम्बॅट इन्फन्ट्रीमॅन बॅज का नाही. आम्ही सगळी कागदं काढली, सेंट लुईसच्या जुन्या रेकॉर्डच्या ऑफिसातून त्यांचा डीए फॉर्म २०, म्हणजे त्या काळचं नोकरीचं रेकॉर्ड, आला, त्यात रकाना ४० जखमांचा आणि ४१ मेडल्सचा. शेवटी कळलं की हा बॅज इन्फन्ट्री किंवा स्पेशल फोर्सेसचा एमओएस असल्याशिवाय नाहीच, तुम्ही किती का लढलेले असा. आणि बाकीच्यांसाठी जो कॉम्बॅट अ‍ॅक्शन बॅज काढला तो २००५ साली, आणि मागची तारीख दिली ती फक्त १८ सप्टेंबर २००१ पर्यंत. म्हणजे व्हिएतनामचा तोफखाना दोन्हीकडून बाहेर. मला आजही हे पटत नाही पण नियम तो नियम, बोर्ड नियम बदलू शकत नाही.

पण त्याच कागदांत रकाना ४० मध्ये एका तारखेला छर्रा लागल्याची नोंद निघाली, आणि ४१ मध्ये पर्पल हार्ट नाही!! त्यांनी स्वतः कधी सांगितलंच नव्हतं, म्हणे खरचटलं होतं. ते बोर्डाकडे गेलं, बोर्डाने व्हिएतनामच्या कॅज्युअल्टी रोस्टरशी (जखमी-मृतांच्या यादीशी) ताडून बघितलं, नाव होतं, मंजूर. तर सांगायचं काय की जे मागायला जाताय त्याच्या आजूबाजूचं पण वाचा.

खडूस_म्हातारा

इतक्या वर्षांनी एका बॅजसाठी एवढी यातायात कशाला ते कळत नाही. त्याने पगार वाढणार आहे का. जे केलं ते केलं, तुम्हाला माहितीये, झालं की.

एसवन_मधला_बाबू

@खडूस_म्हातारा काका, पगार नाही पण बरंच काही आहे. व्हीएकडे (माजी सैनिकांचं सरकारी खातं) पीटीएसडी, म्हणजे मानसिक आघाताचा, किंवा कानाचा क्लेम टाकला की पहिला प्रश्न असतो घटना घडल्याचा पुरावा काय. माणूस शत्रूशी लढलाय हे सिद्ध असेल तर त्या परिस्थितीशी जुळणारं त्याचं स्वतःचं म्हणणं पुरावा म्हणून धरतात, जरी त्या वेळची नोंद नसली तरी. कॉम्बॅट बॅज हा त्याचा सगळ्यात सोपा दाखला. पर्पल हार्ट असेल तर व्हीएच्या दवाखान्यात प्रायॉरिटी ग्रुप ३ मिळतो. आणि ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सर्व्हिससाठी मिळालेलं असेल तर जीआय बिल, म्हणजे शिक्षणाचा खर्च, पूर्ण शंभर टक्के. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी कमावलेलं आहे ते कागदावर हवं असं वाटण्यात गैर काय?

आता दादांच्या डोक्याच्या माराबद्दल, ते राहिलं होतं. पर्पल हार्टची गंमत अशी की ते कुणी शिफारस करून द्यायचं मेडल नाही, निकष बसले की हक्क आहे. शत्रूच्या कारवाईने इजा, तिच्यावर वैद्यकीय उपचार, आणि त्याची नोंद. डोक्याच्या माराबाबत पूर्वी फार गोंधळ होता, रक्त दिसत नाही म्हणून नाही म्हणायचे. २०११ मध्ये आर्मीने स्पष्ट केलं की कन्कशनने (मेंदूला बसलेल्या हिसक्याने) शुद्ध हरपली असेल, किंवा त्रास टिकून राहिला म्हणून मेडिकल ऑफिसरने ४८ तासांहून जास्त पूर्ण ड्युटीला अनफिट ठरवलं असेल, तर ते बसतं, आणि मागे ११ सप्टेंबर २००१ पर्यंतच्या केसेसना लागू. तुम्ही लिहिलंय काही दिवस मिशनवर पाठवलं नाही. ते कुणी लिहून ठेवलं आणि किती तास हे दोन मुद्दे, तुमचं पर्पल हार्ट त्यावरच उभं किंवा आडवं.

मेडिकने भरलं ते कागद म्हणजे मेस, कन्कशनची तपासणी. २०१० च्या जूनपासून नियमच होता की स्फोटाच्या ५० मीटरच्या आत असलेल्या प्रत्येकाची तपासणी आणि २४ तास विश्रांती. तुमची घटना त्यानंतरची, म्हणजे कागद बनलेलं असणार. हे पर्सोनेल फाइलमध्ये सापडणार नाही, मेडिकल रेकॉर्डमध्ये शोधा, ती फाइल वेगळी मागवावी लागते. आणि नुसत्या २४ तासांच्या सक्तीच्या विश्रांतीवर पर्पल हार्ट मिळत नाही, हेही आधीच सांगतो, नंतर वाईट वाटायला नको.

बॅज आणि पर्पल हार्ट एका पाकिटात पाठवू नका असं माझं मत. निकष वेगळे, पुरावे वेगळे, एकाचा कच्चेपणा दुसऱ्याला चिकटतो.

डेव्हिल_डॉग_पुणेकर

मी मरीन, आमच्याकडे बॅज नाही कॉम्बॅट अ‍ॅक्शन रिबन असते, आणि बोर्ड पण वेगळं, नेव्हीचं. आमच्या रिबनची मागची तारीख मात्र कायद्याने थेट ७ डिसेंबर १९४१ पर्यंत नेली, म्हणजे आर्मीवाल्यांपेक्षा या बाबतीत आम्ही सुखी 😄

मुद्द्याचं सांगतो. बोर्डाचे जुने निकाल ऑनलाइन रीडिंग रूममध्ये नावं काढून टाकलेले असतात. अर्ज लिहायच्या आधी तुमच्यासारख्या केसेसचे नकार वाचा, मंजूर झालेले नाही, नकार. तेच तेच वाक्य दिसेल, की हल्ला झाला हे दिसतं पण अर्जदार स्वतः तिथे हजर होता आणि शत्रूशी त्याची गाठ पडली याचा पुरावा नाही. युनिटवर हल्ला झाल्याचा रिपोर्ट पुरत नाही. म्हणजे तुमची खरी लढाई "हल्ला झाला" याची नाहीच, "मी त्या गाडीत होतो" याची आहे. त्या दिवसाचा कॉन्व्हॉय मॅनिफेस्ट (कोण कुठल्या गाडीत त्याची यादी), ट्रिप तिकीट, कुणाकडे फोटो असेल तारखेसकट, ते शोधा. घटनेचा सिगअ‍ॅक्ट रिपोर्ट, म्हणजे चकमकीची अधिकृत नोंद, फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनखाली मागता येतो, आपल्याकडच्या आरटीआयसारखंच, तारीख वेळ आणि जागा जितकी नेमकी द्याल तितकं बरं, नाहीतर काही सापडलं नाही असं एका ओळीचं उत्तर येतं.

आणि हो, मंजूर होईपर्यंत बॅज लिंक्डइनवर वगैरे टाकू नका. खोटं सांगून फायदा घेण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि त्या यादीत कॉम्बॅट अ‍ॅक्शन बॅजचं नाव आहे. तुमचं खोटं नाही हे मला कळतंय पण कागद नसताना समोरच्याला कसं कळणार.

कॉन्व्हॉयवाला

बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. अपडेट असं की गनरचा फोन लागला, त्याच्याकडे त्याची ऑर्डर आहे, त्यात माझं नाव नाही. म्हणजे माझं पेपरवर्क "वर गेलंय" म्हणत होते ते बहुतेक कुठल्या तरी ड्रॉवरमध्येच गेलं. पण तो आणि तेव्हाचा प्लाटून सार्जंट दोघं लिहून द्यायला तयार आहेत. डीए २८२३ वर (शपथेवरच्या निवेदनाचा फॉर्म) लिहायचं ना? मी मजकूर तयार करून दोघांना सही करायला पाठवू का, म्हणजे त्यांना त्रास नको?

एसवन_मधला_बाबू

२८२३ बरोबर आहे, पण मजकूर तुम्ही अजिबात लिहू नका!! दोन स्टेटमेंट शब्दाला शब्द सारखी दिसली की वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि मग दोन्ही गेली. त्यांना त्यांच्या आठवणीने लिहू दे, थोडा फरक पडला तरी चालतो, उलट बरं दिसतं. फक्त एवढं सांगा की स्वतः काय पाहिलं ते लिहा. कुठल्या गाडीत होतो, तुमची गाडी किती अंतरावर होती, फायरिंग कुठून आलं, तुम्ही काय करत होतात. "फार शूर सैनिक होता" छाप वाक्यं नकोत, त्यावर काही ठरत नाही. सार्जंटने आपली त्या वेळची पोस्ट लिहायची, आणि शिफारस दिली होती का, कुणाच्या हातात दिली, साधारण कधी, आठवत असेल तर ते पण, कारण त्यावरून कागद हरवला हे दिसतं. गनरने आपल्या ऑर्डरची कॉपी स्टेटमेंटला जोडायची.

आणि गनर डोक्याच्या माराबद्दल लिहायला लागला तर म्हणा ते वेगळ्या कागदावर लिही.

सासरेबुवांची_सून

आणि पाठवायच्या आधी सगळ्याची कॉपी ठेवा. बोर्डाने ९० टक्के केसेस १० महिन्यांत आणि सगळ्या १८ महिन्यांत निकाली काढायच्या असं कायद्यात आहे, म्हणजे वाट भरपूर बघायची आहे, आणि मध्येच एखादं पान मिळालं नाही असं पत्र आलं तर परत गनरच्या मागे लागावं लागेल.

कॉन्व्हॉयवाला

ठीक, मेडिकल फाइलचा अर्ज आजच टाकला. एचआरसीचं उत्तर आलं की इथेच लिहीन.