भुषाहून बोटीने पाड्यावर शिबिराचं सामान कसं न्यावं?

जळगावकर:
राम राम मंडळी. आम्ही आठ जण धडगाव तालुक्यात नर्मदाकाठच्या एका पाड्यावर दोन दिवसांचं डोळे तपासणी शिबिर घेतोय. भुषापर्यंत जीप, पुढे बोट. चष्मे, औषधं, जनरेटर मिळून दोनशे किलो सामान. जानेवारी बरा की एप्रिल?

सातपुडा_वाट:
जानेवारी. पण आधी पाण्याची पातळी बघा. तिथे नर्मदेत सरदार सरोवर धरणाचं पाणी तुंबलेलं असतं. धरण पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून 138.68 मीटर, उन्हाळ्यात ती पार 110.64 पर्यंतही उतरू शकते. काठ उताराचा असेल तर एवढ्या फरकात लांबच लांब गाळ उघडा पडतो. वरून तडे गेलेला, सुकलेला दिसतो. पाय टाकला की गुडघाभर आत. डोक्यावर खोकं घेऊन त्यातून चढता येत नाही. त्यामुळे बोट सध्या कुठे लागते हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. पाड्यावर फोन लागेलच असं नाही, निरोप नावाड्याकडे द्या.

पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली वीतभरच राहतात. दिसत नाहीत आणि बोटीच्या पंख्याचं पातं वाकवतात. म्हणून जुनी शेतं-झाडं कुठे होती ते ठाऊक असलेला तिथलाच नावाडी घ्या. उन्हाळ्यात दुपारी वारा उठतो, तेव्हा सकाळीच निघा.

काठावरचा:
दोनशे किलो म्हणजे तीन माणसं धरा, एका खेपेत सगळं नेऊ नका. 2019च्या संक्रांतीला भुषाजवळ जादा भरलेली बोट उलटून माणसं गेली, हे विसरू नका. जड सामान मधोमध, तळाशी, फळीवर. औषधं झाकणाच्या पिंपात. भरल्यावर बोटीची कड पाण्यावर निदान हातभर राहायला हवी, नाहीतर सामान उतरवा. लाइफ जॅकेट चढण्याआधीच बांधा. फोटोसाठी सगळे एका बाजूला गेले की बोट कलते, हे साथीदारांना आधीच सांगा.

आणि भाऊ, जनरेटर कशाला? चाचणीच्या भिंगांची पेटी, अक्षरांऐवजी चिन्हांचा तक्ता आणि बॅटरीची टॉर्च यावर चष्म्याचं काम होतं. तेवढाच भार कमी.

पावरी_बोली:
दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात ती होळीला परततात. म्हातारी माणसं मात्र जानेवारीत घरीच असतात, आणि मोतीबिंदू त्यांनाच. पावरी ही तिथली बोली बोलणारी आशाताई (गावची आरोग्यसेविका) सोबत घ्या. घरं टेकड्यांवर विखुरलेली आहेत, निरोप पोचायला आठवडा धरा. मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रिया कुठे, नेणार-आणणार कोण, हे बोटीत बसायच्या आधी ठरवा.