तीन स्टँडबाय आहेत, मग बॅकअप कशाला?

रात्रपाळी :
परवा इथे एकांनी लिहिलं, "तीन स्टँडबाय असताना रोज बॅकअप घेणं ही जुन्या लोकांची सवय. क्लाउडवर (भाड्याच्या सर्व्हरवर) तर डीबीएच (डेटाबेस सांभाळणारा माणूस) लागत नाही." वाचून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टँडबाय म्हणजे दुसऱ्या मशीनवर सतत ताजा राहणारा जुळा डेटाबेस. मूळ मशीन मेलं तर तो कामाला येतो, माणूस चुकला तर नाही. व्हेअर (कुठल्या ओळी, ती अट) न लावता डिलीट मारून कमिट (पक्कं) केलं की तो डिलीट क्षणात तिन्हीकडे पोचतो. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ आठवा. रात्री उशिरा, दमलेल्या माणसाने सेकंडरी (स्टँडबाय) समजून प्रायमरीचीच (मूळ डेटाबेसचीच) डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले. पीजी-डंप (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणारं टूल) रोज होतोय असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात डंपचं व्हर्जन ९.२, डेटाबेस ९.६, म्हणून तो फेल जात होता, आणि फेल झाल्याचे मेल डीमार्कमुळे (खोटे मेल अडवणारी तपासणी) नाकारले जात होते. वाचले ते जवळपास सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटमुळे (डिस्कची त्या क्षणाची प्रत). हे सगळं त्यांनीच जाहीर लिहिलं, म्हणून आपल्याला कळलं.

मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रिस्टोअर करतो, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करून बघतो. तो झाला नाही तर "बॅकअप आहे" असं सही करून देत नाही.

क्लाउडवासी :
ते लिहिणारा मीच. आमचा डेटाबेस ११ टीबीचा. पूर्वी टेपवरून आणायला १९ तास लागले होते आणि तेवढा वेळ धंदा बंद होता. स्टँडबायवर जायला ४ मिनिटं लागतात. चुकीच्या डिलीटची भीती असेल तर एक स्टँडबाय चार तास मागे ठेवा, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एका ओळीची सेटिंग आहे. आणि दादा, दहा वर्षं माझे शनिवार पॅचिंगमध्ये (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवण्यात) गेले. मुलीच्या बारशाला मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. ते क्लाउडमुळे थांबलं. त्याबद्दल कुणी मला गुन्हेगार ठरवू नये.

रात्रपाळी :
बारशाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण चार तासांत चूक कळली तर ना! आमची ४३ दिवसांनी कळली. व्याजाचा एक स्लॅब चुकीचा अपडेट झाला होता, तिमाही संपल्यावर ऑडिटरने पकडला. आरडीएसचा (ॲमेझॉनच्या क्लाउडवरचा डेटाबेस) आपोआप होणारा बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतो. करा वजाबाकी.

क्लाउडवासी :
हाताने स्नॅपशॉट घ्या, त्याला मुदत नसते.

रात्रपाळी :
तो कधी घ्यायचा आणि किती ठेवायचे, हे ठरवणाऱ्या माणसालाच डीबीए म्हणतात.

नोंदवही :
दोघंही रिस्टोअर "झाला" म्हणताय. झाला म्हणजे काय? एका सरकारी कामात आम्ही जुन्या ओरॅकल डेटाबेसमधून एक्स्पोर्ट काढून नव्या सर्व्हरवर आणला. रो-काउंट (ओळींची संख्या) जुळले, रकमा पैशापर्यंत जुळल्या, पेढे वाटले. आठवड्याने एका ताईंचा फोन आला : नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. एक्स्पोर्ट काढताना एनएलएस-लँग, म्हणजे अक्षरसंचाची सेटिंग, यूएस-सेव्हन-ॲस्की राहिलं होतं, ज्यात फक्त इंग्रजी अक्षरं बसतात. अक्षर एकदा प्रश्नचिन्ह झालं की परत येत नाही. जुन्या डिस्क तोवर पुसल्या होत्या. कागदी रजिस्टरवरून तीन महिने नावं पुन्हा टाइप केली.

सोळा_अक्षरं :
मराठी नावांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. ओरॅकलमध्ये मजकुराच्या रकान्याला व्हारकॅर-टू ५० लिहिलं म्हणजे ५० अक्षरं असं अजूनही डिझाइन करणारे समजतात. डीफॉल्ट मोजणी बाइटची आहे आणि यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. "ज्ञानेश्वर" एवढ्याला ३० बाइट. "ज्ञानेश्वर पांडुरंग" ५५. आडनावाआधीच ओरा-१२८९९, म्हणजे "रकान्यात मावत नाही" ही एरर! टेबल बनवताना ५० च्या पुढे 'कॅर' (बाइट नव्हे, अक्षरं मोज) लिहायला काय जातं?

शॉर्टकट :
एवढा त्रास आहे तर नावं इंग्रजीत साठवा. प्रश्न संपला.

नोंदवही :
संपला? इंग्रजीत काळे आणि काले यांचं स्पेलिंग एकच होतं. माणसाचं नाव बदलून डेटाबेसची सोय करायची? संतापाने लिहितेय, पण माझ्या आईच्या पेन्शनच्या कागदांवर तिचं नाव तीन प्रकारे आहे आणि हयातीच्या दाखल्यासाठी ती दरवर्षी रांगेत उभी राहून ते समजावते.

ऱ्हवाला :
माझ्या आडनावात ऱ्ह आहे. हा ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो : एक थेट ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ह सोडून बाइट मोजले तर पहिल्याचे ६, दुसऱ्याचे ९. साध्या बरोबरच्या चिन्हाने (=) शोधलं की मी सापडत नाही. एनएफसी (युनिकोडची रूपं एकसारखी करायची ठरलेली रीत) लावूनही दोन्ही एक होत नाहीत. एका कार्यालयात मला "तुमची नोंदच नाही" म्हणून दोनदा परत पाठवलं. नोंद होती! एंट्रीच्या वेळीच एका रूपात आणायला चार ओळींचं फंक्शन पुरतं.

शॉर्टकट :
ठीक. हे दुसरं रूप मला माहीत नव्हतं. आमच्या टेबलात किती आहेत ते उद्या मोजतो. इंग्रजीत शोधणं सोपं जातं, हे मात्र अजूनही म्हणतो.

क्लाउडवासी :
मूळ विषयावर येतो. काल रात्री स्नॅपशॉटवरून नवा इन्स्टन्स (चालता डेटाबेस) उभा केला. वरिष्ठांना ३० मिनिटं लिहून दिली होती, क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) नीट चालेपर्यंत २ तास ५० मिनिटं लागली. डेटाचे ब्लॉक (तुकडे) पहिल्यांदा मागितल्यावरच स्नॅपशॉटमधून ओढले जातात, त्यामुळे सुरुवातीला साधा जॉइनही (दोन टेबलं जोडणारी क्वेरी) रांगत होता. "डीबीए लागत नाही" हे मागे घेतो. स्टँडबायबद्दल जे म्हटलं ते मागे घेत नाही.

रात्रपाळी :
स्टँडबाय काढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण केलंत, हे चांगलं केलंत.

नोंदवही :
नावं उघडून वाचलीत का?

क्लाउडवासी :
नाही. काउंट पाहिले. इन्स्टन्स अजून चालू आहे, आत्ताच बघतो.