मदत हवी आहे : अकरावी-बारावीच्या मुलांसाठी गाडी तपासणी कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी. कराडला आमचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. बाबा आणि काकांनी सुरू केलेलं, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना असतो, तेव्हा एका रविवारी कॉलेजच्या मुलांसाठी फुकट तपासणी ठेवायचा विचार आहे.

भाषण नको, पोरं ऐकत नाहीत. झिजलेले ब्रेक शू सरळ हातात द्यायचे. परवाच एका स्कूटरचं मागचं चाक उघडलं, तर ब्रेक शूवरचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, संपून नुसता धातू चाकाच्या ड्रमला घासत होता. बोट फिरवलं तर चरे लागत होते. पोरगा म्हणतो, "दादा, फक्त आवाज येतोय!" आरसे तर बहुतेकांनी काढूनच ठेवलेले.

अडचण अशी, की बरीच मुलं अठराच्या आतली. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि घरात असते ११० नाहीतर १२५. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकांना किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग आपणच गाडी तपासून दिली तर 'चालव बिनधास्त' असाच अर्थ होणार ना? काका म्हणतात, पालकांनाच गाडी घेऊन बोलवा. पण मुलंच नसतील तर उपयोग काय?

कुणी असं काही केलंय का? आरटीओचे निरीक्षक बोलवायचे तर पत्र प्राचार्यांचं लागतं की आपलं चालतं?