मदत हवी आहे: हॉकिंग हिल्सला आई-बाबांना घेऊन जायचंय, एका दिवसात काय काय होईल?

ओंजळ
येत्या शनिवारी ओहायोतल्या हॉकिंग हिल्स उद्यानात जायचं ठरलंय. आई-बाबा भारतातून आलेत आणि महिनाअखेरीस परत जाणार, त्यामुळे हाच एक शनिवार हातात आहे. आईला धबधबे बघायचेत, बाबांना गुहा. ओल्ड मॅन्स केव्ह, सीडर फॉल्स, ॲश केव्ह, रॉक हाउस, कॅन्टवेल क्लिफ्स हे सगळं एका दिवसात होईल का? सुरुवात कुठून करू? दोघांना चालायची सवय आहे, रोज संध्याकाळी फिरतात. वाचून वाचून डोकं भणभणलंय, जो तो वेगळाच क्रम सांगतो. उद्या रात्रीपर्यंत नक्की करायचंय, प्लीज लवकर सांगा.

निवडुंग
कुठून निघणार? किती जण? वयं काय? लहान मूल आहे का बरोबर?

जुना_कोलंबसकर
ओल्ड मॅन्स केव्हपासूनच सुरुवात करा, दुसरा विचार नको. मी इथे 14 वर्षं आहे, दर पाहुण्याला आधी तिथेच नेतो. वरचा धबधबा, डेव्हिल्स बाथटब (पाण्याने खडकात कोरलेला खड्डा), मग ती मोठी कपार, शेवटी खालचा धबधबा, साधारण मैलभराची फेरी. खडकातले बोगदे, दगडी पूल, पायऱ्या यांतलं बरंचसं काम 1930च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुण मुलांनी केलेलं आहे, आणि ते खडकाशी इतकं एकजीव झालंय की वेगळं ओळखू येत नाही. रिचर्ड रो नावाचा एक एकांतवासी म्हातारा त्या कपारीत राहायचा, त्याच्यावरून हे नाव. त्याला तिथेच पुरलंय असं म्हणतात. बाबांना ही गोष्ट आवडेल.
पाचही जागा एका दिवसात होतात. आम्ही केल्यात.

पायवाट
पाच जागा "होतात" म्हणजे पाच पार्किंग लॉट होतात. ऑक्टोबरचा शनिवार आहे, पानं रंगायला लागलीत. साडेदहानंतर ओल्ड मॅन्स केव्हला गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. तीन जागा नीट बघा.

ओंजळ, निवडुंग यांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या आधी.

ओंजळ
कोलंबसजवळच्या डब्लिनहून निघणार. आम्ही दोघं, आई, बाबा. मूल नाही. आई 66, बाबा 71. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं जानेवारीत ऑपरेशन झालंय (सांधा बदलला), पण आता व्यवस्थित चालतात, सपाटीवर तीन किलोमीटर सहज. जिना एकेक पायरी करून, कठड्याला धरून.

पायवाट
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं! सगळं उत्तरच बदललं.

हॉकिंग हिल्समध्ये प्रश्न अंतराचा नसतो, पायऱ्यांचा असतो. वाटा छोट्याच आहेत, अर्धा मैल, एक मैल. पण गाडी वर आणि धबधबा खाली घळीत, त्यामुळे उतरलात की चढावं लागतं. शिवाय ओल्ड मॅन्स केव्हची वाट आता एकेरी आहे. अर्ध्यात गुडघा दुखायला लागला तर आल्या पावली मागे फिरता येत नाही, पुढेच जायचं.

जुना_कोलंबसकर
माझ्या सासऱ्यांचे दोन्ही गुडघे बदललेत. 2022 मध्ये त्यांनी ओल्ड मॅन्स केव्ह पूर्ण केलं, हळूहळू, बसत बसत. उगाच घाबरवू नका. माणूस इतक्या लांबून येतो आणि मुख्य जागाच बघायची नाही?

पायवाट
तुमच्या सासऱ्यांना जमलं याचा आनंद आहे. पण यांच्या बाबांचा गुडघा तुम्हीही पाहिलेला नाही, मीही नाही. त्या दगडी पायऱ्या कधी ओल्या असतात, वर पडलेली पानं, आणि काही ठिकाणी एका पायरीची उंची दुसरीला मिळत नाही. माझी आई 2019 मध्ये तिथल्या बोगद्यातून बाहेर येताना घसरली. मनगटावर निभावलं. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहणार.

दगडफूल
ॲश केव्ह. तिथूनच सुरू करा. पार्किंगपासून कपारीपर्यंत पाव मैल फरसबंद सपाट वाट आहे, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. दोन्ही बाजूंना हेमलॉकची झाडं (थंड हवेतली, सुईसारख्या पानांची). वाट वळते आणि समोर एकदम 700 फूट लांबीची नालाकृती कपार उघडते, वरचा कडा 90 फुटांवर. आत पायाखाली वाळू आहे, तिथे मात्र बाबांना हात द्या. परत येताना कड्यावरून जाणारी दुसरी वाट दिसेल, ती पायऱ्यांची आहे, ती घेऊ नका. गेलात त्याच वाटेने या.

पहिले वस्तीकरी आले तेव्हा त्यांना इथे राखेचे मोठमोठे ढीग सापडले, म्हणून ॲश केव्ह. कोणी किती पिढ्या चुली पेटवल्या असतील तिथे.

घाटमाथा
एक शंका. या खरोखर गुहा आहेत का? फोटोत नुसते पुढे आलेले कडे दिसतात.

दगडफूल
चांगला प्रश्न. बहुतेक ठिकाणी गुहा नाहीतच. हा ब्लॅक हँड वालुकाश्म, सुमारे 35 कोटी वर्षं जुना. वरचा आणि खालचा थर घट्ट, मधला ठिसूळ. पाण्याने मधला थर झिजत जातो आणि वरचा छतासारखा पुढे राहतो. या उद्यानात खरी गुहा म्हणावी अशी एकच, रॉक हाउस. 200 फूट लांबीची दगडी ओसरी, तिला दरीकडे उघडणाऱ्या कमानदार खिडक्या.

मराठीत याला गुहा न म्हणता घळ म्हणावं असं मला मनापासून वाटतं. महाडजवळची शिवथरघळ ज्यांनी पावसाळ्यात पाहिलीय त्यांना ॲश केव्ह लगेच ओळखीची वाटेल, वरून पाणी आणि मागे कोरडी जागा. फक्त तिथे बसाल्ट, इथे वाळूचा दगड.

घाटमाथा
शिवथरघळीत जुलैमध्ये समोरचं माणूस काय बोलतंय तेही ऐकू येत नाही. ॲश केव्हचा तसा आवाज असेल तर मी स्वतः येतो!

पायवाट
ऑक्टोबरमध्ये तसा आवाज नसतो. ओंजळ, आईंना हे आधीच सांगून ठेवा. ॲश केव्हवर पडणारा ओढा अगदी लहान आहे, उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात एखादी धार उरते, कधी तीही नाही. भरून वाहताना बघायचं तर मार्च ते मे. पाण्यासाठी सीडर फॉल्स त्यातल्या त्यात बरा, इथल्या धबधब्यांमध्ये सर्वांत जास्त पाणी तिथेच.

निवडुंग
पण सीडर फॉल्सला पायऱ्या आहेत ना? शंभरेक असतील.

पायवाट
आहेत. अकिओ हिझुमे या जपानी कलाकाराने रचलेल्या. काही पायऱ्या आखूड, काही लांब, अशा की पुढे पडणारा पाय आपोआप आलटून पालटून बदलावा. धडधाकट माणसाला फार छान वाटतं. पण ज्यांना प्रत्येक पायरीवर तोच पाय आधी टाकावा लागतो, त्यांची लय तुटते. तेव्हा सीडर फॉल्स आईंसाठी. बाबा आणि आणखी एक जण वरच बसा.

(ता.क. त्या झाडांना पहिल्या वस्तीकऱ्यांनी देवदार समजून सीडर म्हटलं. आहेत ती हेमलॉक.)

सहप्रवासी
आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स काढलाय का? आधीपासूनच्या दुखण्याला त्यात काय मिळतं ते शब्दन् शब्द वाचा. आम्ही वाचलं नव्हतं, खूप मनस्ताप झाला.

ओंजळ
इन्शुरन्स आहे, धन्यवाद. पण माझा प्रश्न क्रमाचा होता. ॲश केव्ह पहिलं, हे कळलं. मग दुसरं काय? बाबांना गुहा हवी आहे, तर रॉक हाउस नाहीच का?

जुना_कोलंबसकर
खऱ्या गुहाच बघायच्या असतील तर केंटकीतल्या मॅमथ केव्हला न्या. जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा, 400 मैलांहून जास्त मोजून झालेली. आणि पाणी हवं तर नायगरा. उगाच मन मारून कशाला बघायचं?

घाटमाथा
एक शनिवार आहे हो त्यांच्याकडे!

दगडफूल
रॉक हाउस नको. उतरायला-चढायला पुष्कळ पायऱ्या, आत अंधार आणि जमीन उंचसखल.
दुसरं काँकल्स हॉलो. ते शेजारचं राखीव क्षेत्र आहे, उद्यानात धरत नाहीत, म्हणून तुमच्या यादीत आलं नसावं. तळातली वाट जवळजवळ सपाट, सुरुवातीला फरसबंद. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मध्ये इतका गारवा की मला दर वेळी स्वेटर लागतो. या गारव्यामुळेच हिमयुगानंतरही हेमलॉक इथे टिकून राहिले. फरशी संपली की बाबांना विचारा, पुढे जायचं की इथूनच फिरायचं. तिथे मागे फिरता येतं. कुत्रा असेल तर आणू नका, तिथे परवानगी नाही.

निवडुंग
+१. नकाशा फोनमध्ये घरूनच उतरवून घ्या, रूट 33 सोडून 664 ला लागलात की सिग्नलचा भरवसा नाही. डबा आणि पाणी बरोबर ठेवा. प्रवेशाला किंवा पार्किंगला पैसे नाहीत.

जुना_कोलंबसकर
तरी माझं म्हणणं आहे की ओल्ड मॅन्स केव्हचा निदान वरचा धबधबा दाखवा. पार्किंगपासून जवळ आहे, पूर्ण फेरी करायची गरज नाही. एवढं तरी पायवाट मान्य करतील.

पायवाट
एवढं मान्य. सुरुवातीच्या पुलापाशी थांबा आणि बाबांना ठरवू द्या.

ओंजळ
जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, म्हणून सविस्तर लिहिते.

पावणेआठला ॲश केव्हला पोहोचलो, आमच्याशिवाय दोनच गाड्या होत्या. गुरुवारी रात्री पाऊस झाला होता, तरी धार मनगटाएवढीच. आईला वाईट वाटेल म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं. पण ती वाळूत अगदी मागे, भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिथून हाक मारली, तर आवाज पूर्ण कपारीतून फिरून आला. मग तिने एक अभंग म्हटला. बाबा खडकावर बसून ऐकत होते. तास कसा गेला कळलं नाही.

काँकल्स हॉलोला बाबा फरशी संपल्यावरही पुढे चालले, मीच थांबवलं. सीडर फॉल्सला आई आणि नवरा खाली गेले. पाणी चांगलं होतं, आईचे केस तुषारांनी भिजून आले. वर बाबांनी मला त्यांच्या लहानपणीच्या ओढ्याची एक गोष्ट सांगितली, ती मी कधीच ऐकली नव्हती. ओल्ड मॅन्स केव्हला पोहोचेपर्यंत एक वाजला, पार्किंगची रांग रस्त्यापर्यंत आलेली, सोडून दिलं.

बाबांचा गुडघा रविवारी थोडा सुजला होता, आज उतरलाय.

सहप्रवासी
किती छान. माझ्या सासूबाई मे महिन्यात येतायत, त्या फार चालू शकत नाहीत. ॲश केव्हला चाकाची खुर्ची मिळते का तिथे?

दगडफूल
मिळेल असं गृहीत धरू नका, घरून न्या. आणि मेमध्ये येताय तर छत्रीही घ्या, तेव्हा पाणी असतं.