मदत हवी आहे: ट्यूब टाकताना सॅच्युरेशन कोसळतं, हाताशी एकच डॉक्टर आणि एकच फ्लोमीटर

नमस्कार. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी आहे. एमबीबीएसच्या पुढे शिकलेले नाही. रात्री मी, एक सिस्टर आणि कक्षसेवक मामा, एवढेच असतो. भूलतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी सिझेरियनसाठी येतात. व्हेंटिलेटर नाही. जंबो सिलिंडर आहेत, पण खाटेजवळ फ्लोमीटर (ऑक्सिजन किती सोडायचा ते ठरवणारा) एकच.

लावणीच्या दिवसांत रात्री दोनच्या सुमारास एक शेतकरी आला, चाळिशीतला. पाच दिवस ताप, पोटऱ्या दुखून चालवत नव्हतं, डोळे लाल, आणि संध्याकाळपासून खोकल्यातून रक्त. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) निदान करायला पुस्तक उघडावं लागलं नाही. बायको सांगत होती, "रातभर बसानच हत ओ, निजाक जमणा नाय." श्वास मिनिटाला ४४, बीपी ९० वर ६०, एनआरबीएम मास्कवर (पिशवी लावलेला ऑक्सिजनचा मास्क) मिनिटाला १५ लिटर चालू असून सॅट, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन, ८२ टक्के. तो दमत चालला होता. असा माणूस १०८ मध्ये बसवून गोव्यापर्यंत पोचणार नाही असं मला वाटलं आणि मी श्वासनलिकेत ट्यूब टाकायचं ठरवलं. तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. चुकलं ते त्यानंतरच्या दोन मिनिटांत.

आम्ही त्याची उशी काढली. तेव्हा तो म्हणाला, "माका आडवो करू नकात, जीव घुसमटता." मी म्हटलं, "दोनच मिनिटं, दादा." झोपेचं मिडाझोलाम दिलं, स्नायू ढिले करणारं स्कोलिन दिलं, मास्क काढून ठेवला आणि घसा बघायचा लॅरिंगोस्कोप घातला. आत सगळा गुलाबी फेस. सक्शन करेपर्यंत मॉनिटरचा सूर खाली खाली जायला लागला. ७०, मग ५२. ट्यूब अन्ननलिकेत गेली. काढली, अंबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावली, दाबत राहिले, सॅट कसंबसं ६८ वर आलं. दुसऱ्या वेळी ट्यूब बरोबर बसली.

सगळं आटोपल्यावर सिस्टरने मला दाखवलं. फ्लोमीटरची नळी अजून त्या काढून ठेवलेल्या मास्कलाच होती. अंबूची नळी खाटेच्या कडेला लोंबत होती. मी त्याला साधी हवा देत होते.

तो वाचला. तीन आठवड्यांनी चालत आला, बायकोने आगळाची बाटली आणली होती. त्याला त्या रात्रीचं शेवटचं एवढंच आठवतं की त्याला आडवं केलं. ते ऐकल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही.

म्हणून विचारते आहे. झोपेचं औषध दिल्यापासून ट्यूब बसेपर्यंत ऑक्सिजन चालू कसा ठेवायचा? नाकातल्या प्रॉन्ग्स (ऑक्सिजनच्या छोट्या नळ्या) तशाच चालू ठेवायच्या असं वाचलं आहे, पण माझ्याकडे फ्लोमीटर एक. मधल्या वेळात अंबू दाबायची की नाही? आम्हाला तर पोट फुगेल, उलटी छातीत जाईल म्हणून दाबू नका असंच शिकवलं होतं. आणि थांबायचं कोणत्या आकड्याला? मोठ्या रुग्णालयात काय करतात ते नको, तीन माणसांत काय जमेल ते सांगा.

—

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ, रत्नागिरी जिल्हा)

मॅडम, आधी एक गोष्ट. ८२ वर असलेल्या रक्ताळलेल्या छातीला ट्यूब टाकणं आम्हालाही जड जातं. तुम्ही हे सगळं इतकं स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल आभार. आता मुद्द्यावर येतो.

श्वास सोडल्यावरही फुप्फुसात दोन-अडीच लिटर हवा उरते. साध्या हवेवर त्यातला ऑक्सिजन जेमतेम चारशे मिली. तीन मिनिटं घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की नायट्रोजन धुऊन निघतो आणि हाच साठा दोन लिटरच्या आसपास जातो. शरीर मिनिटाला साधारण अडीचशे मिली वापरतं. म्हणून निरोगी प्रौढाचा श्वास थांबवला तरी सॅट ९० वर यायला आठेक मिनिटं लागू शकतात. तुमच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याच्या वायुकोशांत रक्त भरलेलं, म्हणजे साठवायची कोठीच निम्मी बुडालेली. वर ताप, वर ४४ चा श्वास, म्हणजे खर्चही जास्त. आडवं केल्यावर पोटाने छाती-पोटामधला पडदा वर ढकलला आणि उरलीसुरली जागाही गेली. तो जे सांगत होता ते शरीरशास्त्रच होतं.

तेव्हा पहिली गोष्ट: बसवूनच ऑक्सिजन द्या. खाटेची डोक्याची बाजू वीस-पंचवीस अंश वर असली तरी ट्यूब टाकता येते. खाट उचलत नसेल तर खांद्याखाली आणि डोक्याखाली चादरींच्या घड्या घाला, कानाचं भोक आणि छातीचं हाड एका रेषेत येईपर्यंत. झोपेचं औषध गेल्यावर टेकवायचं, आधी नाही.

दुसरी, मास्कबद्दल. एनआरबीएम चेहऱ्याला कधीच घट्ट बसत नाही, बाजूने हवा शिरते. रिझर्व्हॉयर पिशवी लावलेली अंबू दोन्ही हातांनी घट्ट धरली तर ती त्याहून चांगली, आणि तिला पीप व्हॉल्व्ह (श्वास सोडल्यावरही छातीत थोडा दाब टिकवणारा) असेल तर बुडालेले काही वायुकोश उघडतात. अशा छातीत खरा फरक या दाबानेच पडतो. अमेरिकेत १३०१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्यूबआधी दाबाचा मास्क, म्हणजे एनआयव्ही, दिलेल्यांपैकी ९.१ टक्के रुग्णांचं सॅट ८५ च्या खाली गेलं. साधा ऑक्सिजन मास्क दिलेल्यांत १८.५ टक्के. तुमच्याकडे एनआयव्ही नाही, पण पीप व्हॉल्व्ह ही छोटी वस्तू आहे, ती मागवा.

अंबू दाबायची की नाही? दाबायची. २०१९ च्या अभ्यासात ४०१ रुग्ण होते. औषध दिल्यापासून लॅरिंगोस्कोप घालेपर्यंत हलकी अंबू दिलेल्यांत सॅट ८० च्या खाली जाणारे १०.९ टक्के, न दिलेल्यांत २२.८ टक्के. छातीत उलटी जाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. एक मात्र सांगायला हवं, खोकल्यातून रक्त पडणाऱ्यांसारखे धोक्याचे रुग्ण त्यात घेतले नव्हते. तरीही ८२ वर सुरुवात करताना मी सक्शन उशाखाली चालू ठेवून अंबू देईनच. पिशवी एक तृतीयांश दाबा, छाती उचललेली दिसली की सोडा, मिनिटाला दहा-बारा. पोट फुगतं ते घाईघाईने जोर केल्यामुळे.

नाकातल्या प्रॉन्ग्सचं म्हणाल, तर श्वास थांबल्यावरही रक्त वायुकोशातून ऑक्सिजन ओढत राहतं आणि त्या मानाने कार्बन डायऑक्साइड फार थोडा बाहेर येतो. त्यामुळे आत किंचित पोकळी होते आणि घशातला ऑक्सिजन आपसूक खाली सरकतो. फुप्फुस चांगलं असेल आणि घसा मोकळा असेल तर ही युक्ती बरीच मिनिटं देते. पण भरलेल्या फुप्फुसावर तिचा भरवसा धरू नका; २०१६ मध्ये आयसीयूतल्या १५० रुग्णांच्या अभ्यासात फायदा दिसला नाही. फ्लोमीटर एकच असेल तर तो अंबूला. प्रॉन्ग्स दुसऱ्या सिलिंडरवर.

आकडा: ९३ ला थांबा आणि अंबू लावा. ९० च्या खाली उतार इतका तीव्र आहे की पुढचे वीस आकडे काही सेकंदांत जातात. शिवाय बोट थंडगार असेल तर प्रोब अर्धा-एक मिनिट मागचं सांगतो. सुरुवातच ९३ च्या खाली असेल तर तीस सेकंदांपुढे प्रयत्न नको. आणि लघवी कमी झालेल्या लेप्टोत पोटॅशियम माहीत नसताना स्कोलिन टाळा, त्याऐवजी रोक्युरोनियम मिळालं तर किलोला १.२ मिलिग्रॅम. मिडाझोलामने बीपी पडतं. त्याऐवजी केटामिन हळू द्या, किलोला १ मिलिग्रॅम, शॉकमध्ये त्याहून कमी.

—

प्रतिसाद (स्टाफ नर्स, रायगड)

डॉक्टर, सरांनी सांगितलंय त्यात हातातलं थोडं घालते. प्रॉन्ग्सला १५ लिटर लावाल तेव्हा ह्युमिडिफायरची बाटली काढून नळी सरळ फ्लोमीटरला जोडा. बाटली असली की ती शिट्टी मारते, कधी झाकणच उडतं, आणि ऑक्सिजन रुग्णाकडे जायच्या ऐवजी खोलीत जातो. पेशंट जागा असेपर्यंत ४-५ लिटरच ठेवा, नाहीतर नाक झोंबून पेशंट ओढून काढतो. औषध गेलं की पूर्ण उघडा.

आमच्याकडे सॅट मोठ्याने वाचायचं काम एकाच माणसाचं. "अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव" असं म्हणत राहायचं, डॉक्टर काही बोलले तरी थांबायचं नाही. लॅरिंगोस्कोप हातात असलेल्या माणसाला मॉनिटर दिसत नाही, ऐकू मात्र येतं. आणि औषध भरायच्या आधी मी अंबूची पिशवी हाताने चाचपते. फुगलेली असेल तरच "हो" म्हणते.

—

मूळ धागाकर्ती

सर, सिस्टर, तुमचं लिहिणं छापून ड्यूटी रूमच्या भिंतीला लावलं. स्टोअरमधून दुसरा रेग्युलेटर शोधून काढला, वॉशर बदलल्यावर चालू झाला.

परवा त्याचा उपयोग झाला. सतरा वर्षांचा मुलगा, पडवीत खाली झोपलेला. पहाटे पोटात दुखलं, मग पापण्या मिटायला लागल्या. चावल्याची खूण सापडली नाही, मण्यार असणार. एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) दहा व्हायल सुरू केल्या. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले तर आधी चौदापर्यंत गेला, अर्ध्या तासाने सातपर्यंत. सॅट मात्र ९६, आणि त्याकडे बघून नातेवाईक म्हणत होते की बरा आहे. लाळ गिळता येईना तेव्हा ट्यूबचं ठरवलं.

त्याला "खोल श्वास घे" म्हणून उपयोग नव्हता, ताकदच नव्हती. म्हणून त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर मी अंबूने थोडी भर घातली, तीन मिनिटं, डोकं उंच ठेवून. प्रॉन्ग्स दुसऱ्या सिलिंडरवर. सिस्टरने पिशवी चाचपली, मामा आकडे वाचत होते. ट्यूब पहिल्याच वेळी बसली. मामांनी वाचलेला सगळ्यात लहान आकडा अठ्ठ्याण्णव.

मण्यारीचा रुग्ण हलत नसला तरी ऐकतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून गुंगीचं औषध चालू ठेवूनही गाडीत अंबू दाबताना त्याच्या कानाशी सांगत राहिले की आई मागच्या गाडीत आहे, कुडाळ गेलं, सावंतवाडी गेली. गाडीतला बी टाइप सिलिंडर साधारण १५०० लिटरचा. निघताना मिनिटाला १५ लिटरने १०० मिनिटं असा हिशेब केला, म्हणून एक भरलेला जादा घेतला होता. रस्ता खोदलेला, दोन ठिकाणी ट्रक अडकलेले. तो दुसरा सिलिंडर लावावा लागला. मुलाची ट्यूब पाचव्या दिवशी निघाली.

पीप व्हॉल्व्ह अजून नाही, रुग्ण कल्याण समितीपुढे मागणी ठेवली आहे. तो आमच्या जुन्या अंबूला बसेल का? दोन अंबू आहेत, दोन्ही वेगवेगळ्या.

—

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ, रत्नागिरी जिल्हा)

मुलाचं वाचून फार बरं वाटलं. मागवायच्या आधी दोन्ही अंबूंचा मास्ककडचा व्हॉल्व्ह बघा. श्वास बाहेर पडतो तिथे गोल तोंड असेल तर त्यावर पीप व्हॉल्व्ह बसतो, माप ३० मिलिमीटर. काही जुन्या अंबूंना तिथे नुसत्या फटी असतात, त्यावर काहीच बसत नाही. ती अंबू बदलून घ्या. फोटो टाकलात तर बघून सांगतो.