बेसाच्या पुढचा प्लॉट आणि काळी माती (सोसायटी ग्रुप, शनिवार रात्र ते बुधवार)

बी-३०४ : नमस्कार मंडळी. नागपुरात बेसाच्या पुढे १५०० स्क्वेअर फुटांचा प्लॉट पाहिला. आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर) झालेला आहे, कागदपत्रं वकिलांनी पाहिली. सोमवारी इसार द्यायचा आहे. त्या भागाचं कोणाला काही माहीत असेल तर सांगा.

सी-१०२ : अभिनंदन दादा! उन्हाळ्यात बोअरला पाणी राहते का, ते शेजारच्यांना विचारून घ्या.

ए-२०१ : अभिनंदन भाऊ. कागद पाहिले, माती पाहिली का?

बी-३०४ : हो काका. काळीभोर आहे, प्लॉट एकदम सपाट. आधी तिथं पऱ्हाटीचं (कापसाचं) वावर होतं म्हणे. हिचं म्हणणं आहे की मागच्या बाजूला दोन संत्र्याची झाडं लावू.

ए-२०१ : मग थोडं लांब लिहितो, वाचून घे. या फ्लॅटमध्ये येण्याआधी आम्ही स्वतःचं घर बांधलं होतं, तेही अशाच पऱ्हाटीच्या वावरात पडलेल्या लेआउटमध्ये. ठेकेदारानं चार फूट खोदलं, म्हणाला जमीन टणक आहे. मे महिना होता, काळी माती तेव्हा दगडासारखीच लागते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघाला. स्वयंपाकघराचं दार जुलैत घट्ट बसायचं आणि एप्रिलमध्ये आपोआप मोकळं व्हायचं. इंजिनिअरनं तड्यावर काचेची पट्टी चिकटवून दिली. सहा आठवड्यांत ती मधोमध तुटली. भिंत अजून हलते आहे, हे त्या दिवशी कळलं.

कारण असं की या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच्याच. घराखाली मधली माती ओलसर राहते, कडेची मात्र दर ऋतूत वरखाली होते. पाया त्या हलत्या थरात असला की भिंत तडकणारच. त्यात फुटका पाइप किंवा भिंतीला लागून मोठं झाड असलं तर आणखी वाईट. आम्ही तडे तीनदा बुजवले, शेवटी घर विकलं. घेणाऱ्याला सगळं दाखवून विकलं, भावही तसाच मिळाला.

बी-३०४ : म्हणजे प्लॉट सोडू का काका?

ए-२०१ : नाही रे. काळ्या मातीवर अर्धं नागपूर उभं आहे. मुरूम किती खोल आहे ते पाहा. कमी खोल असेल तर काळी माती पूर्ण काढून पाया मुरमावर घेता येतो. खोल असेल तर अंडररीम पाइल लागतात, म्हणजे खाली फुगीर बूड असलेले खांब, साधारण साडेतीन मीटरपर्यंत नेतात, कारण त्याखाली ओल फारशी बदलत नाही. हा खर्च इसाराच्या आधी कळायला पाहिजे, नंतर नाही. आणि शेजारच्याच्या प्लॉटवरून अंदाज बांधू नको. अंबाझरी, सेमिनरी हिल्सकडे काळा दगड लवकर लागतो, पूर्वेकडे खडकच वेगळा आहे. शंभर पावलांवर जुना नाला बुजवलेला निघू शकतो.

बी-३०४ : मालकानं माती परीक्षणाचा रिपोर्ट दिला आहे. पीएच ८.१, नत्र, स्फुरद, पालाश...

ए-२०१ : तो पिकाचा रिपोर्ट झाला. घर किती वजन पेलेल ते त्यात नसते. बांधकामासाठी मातीची तपासणी वेगळी असते, तिथल्या तिथे बोअर मारून करतात.

डी-४०३ : दादा, पिकाचा असला तरी फेकू नका, झाडांसाठी तोच कामाचा. माझं माहेर काटोलचं, आमच्या बागेवरून सांगते. पीएच ८ च्या वर आणि चुनखडीचे पांढरे खडे असले की संत्र्याला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. आणि भारी मातीत पाणी साचलं की डिंक्या लागतो, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. गादीवाफा करून उंचावर लावा, कलमाचा जोड मातीत पुरू नका. कलम जंबेरी खुंटावरचं (खालचं मूळ झाड) की रंगपूर लाईमवरचं, तेही विचारा. आणि घराच्या भिंतीपासून लांब लावा.

सी-१०२ : अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय आहे न? तिथं कळणार नाही का?

ए-२०१ : त्यांचे नकाशे मोठ्या भागाचे असतात ताई. कोणत्या पट्ट्यात कोणती माती, ते कळते. पण १५०० फुटांसाठी खड्डाच खणावा लागतो. मालकाला विचारून उद्या सकाळी दोन मजूर लाव. मी येतो.

बी-३०४ : (रविवार दुपार) साडेपाच फुटांपर्यंत काळी, मग पिवळट मुरूम. चार फुटांवर चुनखडीचे खडे. काकांनी मातीची पिशवी भरून नेली. मी मालकाला सांगितलं, इसार सोमवारी नाही.

ए-२०१ : (बुधवार सकाळ) माती वाळवून, कुटून बारीक चाळणीतून काढली. दोन मापाच्या नळ्यांत दहा-दहा ग्रॅम टाकली, एकीत केरोसीन, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर, चोवीस तास ठेवली. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, ती ११ मिलीवर बसली. पाण्यातली २१ मिलीवर. म्हणजे जवळजवळ ९० टक्के फुगते. हे घरचं माप आहे, लॅबचा रिपोर्ट घेच. पण माती हलती आहे.

बी-३०४ : काका, इंजिनिअरशी बोललो. सगळा पाया सहा फुटांवर मुरमात घ्यायचा, घराच्या चारही बाजूंनी बाहेरच्या उताराचा काँक्रीटचा पट्टा करायचा. वाढीव खर्च कागदावर लिहून घेतला. तोच कागद घेऊन संध्याकाळी मालकाकडे जातो, भावाचं बोलायला. तुम्ही सोबत याल का?

ए-२०१ : साडेसहाला खाली उभा राहतो.